गोव्यातल्या डॉक्टरांना खुले पत्र: ‘काम काय करता?’ हेही विचारा

डिचोली, गोवा

गावातल्या दवाखान्यात बसणाऱ्या, आरोग्य केंद्रात ओपीडी काढणाऱ्या, मोठ्या इस्पितळांत राउंड घेणाऱ्या सर्व डॉक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी ३४ वर्षे तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. डिचोलीत एका एक्स-रे क्लिनिकात मी तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. तुमचे अक्षर खालच्या फार्मसीवाल्याला लागले नाही की तो पोऱ्याला जिना चढून माझ्याकडे पाठवायचा, इतका मला त्याचा सराव. चिठ्ठीवर नाव, वय, बाई की पुरुष, आणि त्याखाली ‘हिस्ट्री’ अशी एक ओळ. त्या ओळीत तुम्ही लिहायचात: दोन आठवडे खोकला. ताप, वजन कमी. कधी नुसते ‘कॉक्स’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे क्षय आहे का बघा, पण रोग्याला वाचून धक्का बसू नये म्हणून जंतू शोधणाऱ्या कॉकचे नाव. समोरचा माणूस पोट कशावर भरतो, हे मात्र त्या ओळीत मला बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा वाचायला मिळाले. त्यातही दोनदा ‘टीचर’ लिहिलेले होते, कारण त्या बाई डॉक्टरांच्या मुलांना शिकवत होत्या.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नव्हे. फिल्म वाचणे रेडिओलॉजिस्टचे काम, माझे काम ती नीट काढण्याचे. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरे पुढे, श्वास आत घ्या, धरा. हे मी किती हजार वेळा म्हटले असेल याचा हिशेब नाही. खाणीवरच्या क्रशरची माणसे ‘धरा’ म्हणताच खोकायची. फिल्म हलायची. दुसरी काढावी लागायची. डार्करूममध्ये ओली फिल्म हँगरला लावून उजेडापुढे धरली की काही जणांच्या छातीत वरच्या भागात, दोन्ही बाजूंना, रवा सांडावा तसे बारीक ठिपके दिसायचे. फुप्फुसांच्या मुळाशी गाठी, आणि क्वचित एखाद्या गाठीला अंड्याच्या टरफलासारखी पांढरी कड. मी फिल्म वाळवून पाकिटात घालायचो. पाकिटावर नाव आणि वय लिहायचो. काम लिहायला पाकिटावर जागाच नव्हती.

आमचा हा पट्टा तुम्हाला ठाऊकच आहे. डिचोली, साखळी, सत्तरी, तिकडे दक्षिणेत सांगे, सावर्डे, कुडचडे. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज परदेशी गेले. त्या वर्षांत आमच्या रस्त्याकडेच्या आंब्यांना मोहोर कुठल्या रंगाचा येतो ते पोरांना सांगून पटत नसे, सगळे तांबडे. आणि एक गोष्ट मी फक्त इथेच पाहिली असेन. माणूस यायचा आणि घाबऱ्याघुबऱ्या सांगायचा, थुंकीतून रक्त पडते. रुमाल उघडून दाखवायचा. मी विचारायचो, काल ड्यूटी होती काय? होती. मग उद्या सुट्टी घे, परवा परत बघ. पुष्कळदा परवाची थुंकी पांढरी असायची. ते रक्त नव्हते, खनिज होते. काही जणांचे खरेच रक्त होते, हेही सांगायला हवे. दोन्ही तांबडेच. फरक करायचा तर काम विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आता आमच्या भाईबद्दल. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. १९८१ साली तो एका ठेकेदाराकडे क्रशिंग-स्क्रीनिंग प्लांटवर लागला. दगड फुटून पट्ट्यावर यायचा, पट्ट्यावरून जाळीवर, आणि जाळी अडकली की लोखंडी सळईने ती मोकळी करायची, हे त्याचे काम. पाऊस असला तर चिखल, नसला तर धूळ. संध्याकाळी तो परसात दगडावर बसून अंघोळ करायचा. मोरीतले पाणी पांढरे होईपर्यंत आई त्याला आत घेत नसे. त्याचे कपडे ती वेगळे धुवायची, आधी झाडावर आपटून. ती धूळ तिच्याही नाकात जात होती हे मला फार उशिरा सुचले.

१९९६ साली त्याला खोकला लागला आणि गेलाच नाही. “खोंकली वचना,” एवढेच तो सांगायचा. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला. तो मीच काढला. ठिपके मीही पाहिले. थुंकी तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा जंतू नाहीत. तरी एक्स-रे बघून क्षयाचे औषध सुरू झाले. डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्या काळी आमच्या भागात छातीत ठिपके म्हणजे क्षय हेच पहिले उत्तर होते, आणि मिलिअरी क्षयाचे ठिपकेही तसेच बारीक असतात. पण भाई काय काम करतो हे मला माहीत होते. चिठ्ठीवरची ओळ रिकामी होती. पेन माझ्या खिशात होते. मी काही लिहिले नाही, कारण ते माझे काम नव्हे असे मला वाटले.

औषध पूर्ण झाले. जरा बरे वाटले, पुन्हा तो प्लांटवर गेला. २००१ ला परत तेच औषध, या वेळी इंजेक्शनासकट. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा त्याने काम सोडले. २००७ साली एका मोठ्या इस्पितळात कोवळ्या वयाच्या निवासी डॉक्टरने त्याला समोर बसवले आणि विचारले, “तुमी कितें काम करताले?” मग बसून राहिला. किती वर्षे? सुके की पाणी मारून? पट्ट्याच्या किती जवळ उभे राहायचात? तोंडाला काय बांधायचात? दहा मिनिटे गेली असतील. बाहेर रांग कुरकुरत होती. शेवटी त्याने सांगितले की हा सिलिकोसिस आहे. मधे क्षय झालाही असेल, कारण दगडाच्या धुळीतली सिलिका साठलेल्या फुप्फुसात क्षय फार लवकर घर करतो. पण मुळात हा दगडाच्या धुळीचा रोग आहे आणि तो उलटवणारे औषध नाही. काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो.

भाईने विचारले, “म्हणजे दोन वेळची औषधे फुकट खाल्ली?” तो डॉक्टर काही बोलला नाही. ते मला आवडले.

२०१० च्या चवथीआधी भाई गेला. त्याच्या बायकोला काही मिळेल का बघायला मी फाइल घेऊन वकिलाकडे गेलो. वकील चांगले होते. त्यांनी सांगितले की १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस आहे, सिलिकोसिसवर चढलेला क्षयसुद्धा आहे, फक्त तो कामातून झाला हे दाखवावे लागेल. कामाचा कागद? नाही. ठेकेदाराचा हजेरीपट? ठेकेदाराने धंदा कधीच बंद केला होता. मग निदान जुन्या केस पेपरांवर तरी काही असेल, काढा ते. त्या तरुण डॉक्टरच्या कागदाआधीचे, १९९६ ते २००७ मधले अकरा केस पेपर मी टेबलावर पसरले. नॉन-स्मोकर, असे सातांवर. नॉन-अल्कोहोलिक, पाचांवर. एकावर आहार: मिश्र. भाई मासे खातो एवढे सरकारदरबारी सिद्ध होत होते. पंधरा-वीस वर्षे त्याने श्वासातून काय खाल्ले, त्याची एका अक्षराची नोंद नव्हती.

तुम्ही बिडी विचारता, दारू विचारता. विचारायलाच हवे. पण माझ्या मनात हे नेहमी येते की हे दोन्ही प्रश्न रोग्याच्या चुकीचे आहेत. माणूस खजील होऊन मान खाली घालतो आणि ‘कधीमधी’ म्हणतो. ज्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कुणाच्या दारात जाते, तो आपण सोडून देतो. मुद्दाम नव्हे. सवयीने.

हा प्रश्न काही मी शोधलेला नाही. १७०० साली बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले आणि त्यात वैद्यांना सांगितले की हिपोक्रेटिसने रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला: तुझा धंदा काय? आपल्या गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून आहे, आशियातल्या जुन्यांपैकी एक म्हणून आपण मिरवतो. तो प्रश्न तोपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षांचा झाला होता.

बरे, हा केवळ सद्भावनेचाही मामला नाही, कायदा आहे. कारखाने अधिनियम १९४८ चे ८९ वे कलम. कारखान्यात काम करणारा, किंवा पूर्वी केलेला, कुणी रोगी तुमच्यापुढे आला आणि त्याला तिसऱ्या अनुसूचीतल्या २९ रोगांपैकी एखादा आहे असे तुम्हाला वाटले, तर विनाविलंब मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचे. ‘आहे’ असे सिद्ध व्हायला नको, ‘आहे असे वाटते’ एवढे पुरे. अहवालात काय हवे? रोग्याचे नाव-पत्ता, रोगाचे नाव, कारखान्याचे नाव-पत्ता. इतकेच. त्याबद्दल डॉक्टरला फी देण्याची तरतूद त्याच कलमात होती, आणि न कळवल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाचीही. खाणींसाठी १९५२ च्या खाण अधिनियमात २५ वे कलम तसेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण हे कर्तव्य कुठे गेले नाही. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या १२ व्या कलमात ते बसलेले आहे, रोगांच्या यादीसकट. कारखान्यांच्या निरीक्षकांचे कार्यालय पणजीत आल्तिनोवर आहे, खाण सुरक्षेचे मडगावात. म्हणजे पत्र कुठे पाठवायचे हा प्रश्नसुद्धा दोन वाक्यांत सुटतो.

आपल्या डॉक्टरी आयुष्यात असा एक तरी अहवाल तुम्ही पाठवला आहे का, हे मी विचारत नाही. मनात विचारून बघा.

क्षयाची नोंद करायला तुम्ही शिकलात ना? २०१२ साली केंद्राने ती सक्तीची केली तेव्हा किती कुरकुर झाली ते मी ऐकले आहे, आमच्या क्लिनिकच्या जिन्यावरच. कोण फॉर्म भरणार, कुणाला वेळ आहे. आज दवाखान्यातली पोर मोबाइलवरून सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करते आणि पुढच्या रोग्याला आत सोडते. सवय लागली. नोंद झाली म्हणून रोग्याला पोषणाचे पैसे मिळू लागले, घरच्यांची तपासणी होऊ लागली. धुळीच्या रोगाला अजून तो मान मिळालेला नाही.

माझ्याच छातीचे उदाहरण देतो. एक्स-रेच्या खोलीत काम करताना माझ्या खिशाला एक बिल्ला असायचा, टीएलडी बॅज. किरणांचा किती मारा बसला ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथून आकडा यायचा, आणि माझ्या नावापुढे त्याची बेरीज जन्मभर चढत राहायची. एकदा बॅज पँटीच्या खिशात राहून धोब्याकडे गेला तर वरून खुलाशाचे पत्र आले होते. मी निवृत्त झालो तरी तो हिशेब आहे. भिंतीत शिसे, अंगावर शिशाचा एप्रन, दारावर लाल दिवा. आणि माझ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर सळईने जाळी मोकळी करणाऱ्या भाईच्या छातीवर काय होते? गुलाबी टॉवेल. त्याच्या नावापुढे कसलीही बेरीज नव्हती. फुप्फुसात खोलवर जाऊन बसणारे सिलिकाचे कण ४-५ मायक्रॉनहून बारीक असतात, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. टॉवेल त्यांच्यासाठी उघडे दार.

ती बेरीज करायची एकच जागा आता उरली आहे, आणि ती म्हणजे तुमचा केस पेपर. कारण रोग येतो दहा, पंधरा, वीस वर्षांनी, आणि तोवर मालक बदललेला असतो. आपल्याकडे तर खाणी दोनदा एकाएकी थांबल्या, २०१२ ला आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ ला. नियमाप्रमाणे खाण कामगाराची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची, छातीच्या एक्स-रेसह. खाणच बंद, तर तपासणी कोण करणार? माणसे रिक्षा चालवायला लागली, कुणी सिक्युरिटीत गेले, कुणी काजूच्या कारखान्यात. आज तो तुमच्याकडे खोकला घेऊन येतो तेव्हा ‘सिक्युरिटी गार्ड’ म्हणून येतो. म्हणून नुसते ‘काम काय करता’ विचारून भागत नाही, ‘आधी काय करत होता’ हेही विचारावे लागते. २०२४ पासून लिलावातले ब्लॉक पुन्हा सुरू होऊ लागलेत. नवी पोरे पट्ट्यावर चढताहेत. त्यांचा पहिला केस पेपर तुम्ही आत्ता लिहिताय.

खाण म्हटले की सगळे सिलिकोसिस असेही नाही. नुसती लोखंडाची धूळ बसली तर सिडरोसिस होतो, वेल्डरांनाही होतो. एक्स-रे भयंकर दिसतो आणि माणूस ठणठणीत असतो, धुळीतून बाहेर काढला तर ठिपके विरळही होतात. पण आपल्या खनिजाबरोबर क्वार्ट्झाइटचे पट्टे येतात, त्यात सिलिका, आणि मग मामला वेगळा. फिल्मवरचे ठिपके काय आहेत हे नुसत्या फिल्मवरून सांगता येत नाही. ते कामावरून कळते. म्हणजे हा प्रश्न रोग्याच्या भरपाईसाठी तर आहेच, तुमच्या निदानासाठीही आहे.

आणि कृपा करून हे खाणपट्ट्याचे प्रकरण समजू नका. म्हापशाच्या, कळंगुटच्या, आसगाव-शिवोलीच्या डॉक्टरांना मी मुद्दाम सांगतो, तुमच्याकडचा रोगी माझ्या भाईपेक्षा तरुण असणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारी स्वयंपाकघराचा नवा ओटा बसवला. क्वार्ट्झचा, पांढराशुभ्र, हल्ली प्रत्येक व्हिलात लागतो तसला. तो नैसर्गिक दगड नसतो, दगडाची भुकटी राळेत घट्ट करून केलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण एक तृतीयांश, यात ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. अंगणात वीस-बावीस वर्षांचा एक राजस्थानी मुलगा चार इंची कटरने बेसिनचे भोक कापत होता. सुके. पिठाच्या गिरणीतल्यासारखा तो दिसेनासा झाला, फक्त कटरचा आवाज आणि पापण्या. मी बागेचा पाइप ओढत गेलो, म्हटले पाणी सोडून काप. मुकादम म्हणाला, काका, हातातली मशीन आहे, पाण्याने शॉक लागेल. तेही खोटे नव्हते. पाणी सोडून कापायची वेगळी मशीन येते, तिचे दोन पैसे जास्त पडतात. मुलगा मधे थांबला, तोंडावरचा रुमाल झटकला, तोच परत बांधला आणि पुढे कापू लागला. ओटा सुंदर झाला. मी त्या घरी चहाला गेलो की त्यावर कप ठेवतो आणि दुसरे काही बोलत नाही.

याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडाच्या लाद्यांवर बंदी घातली. तिथे तिशी-चाळिशीतली माणसे फुप्फुस बदलायच्या रांगेत उभी राहिली म्हणून. ती सापडली कशी? डॉक्टरांनी काम विचारले आणि ओटे कापणारे एकामागून एक निघत गेले. आपल्याकडे असा मुलगा चार-पाच वर्षांत दमायला लागला की दम्याचा पंप घेऊन गावी जातो, आणि गोव्याच्या हिशेबातून सुटतो. त्याच्या हातात तुमचा केस पेपर असतो. उद्या करौलीत की जोधपूरमध्ये कुणी त्याला विचारील, धूळ कुठे खाल्लीस, पुरावा दाखव. राजस्थानने २०१९ मध्ये धुळीच्या रोगांसाठी धोरण केले, निदान झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख अशी तरतूद त्यात ठेवली. पण कुठल्याही राज्यात, कुठल्याही मंडळापुढे कागदाशिवाय माणूस उभा राहत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे क्वार्ट्झच्या गिरण्यांत काम करून गावी जाऊन मेले. त्यांच्या वारसांना ३-३ लाख देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ साल उजाडले. मेलेल्यांची यादी कुणीतरी घरोघर फिरून करावी लागली होती.

यादीत आणखी बरेच जण येतात, मी भरभर सांगतो. बार्ज दुरुस्तीच्या यार्डात गंज काढणारे आणि टाकीत उतरून रंग मारणारे. चिरेखाणीवर मशीनने चिरे कापणारे. काळ्या दगडाचे क्रशर. काजूच्या भट्टीच्या धुरात दिवसभर बसणाऱ्या बायका. बंदरावर कोळसा हाताळणारे. जुने सिमेंटचे पत्रे फोडणारे, ज्यात ॲस्बेस्टॉस असतो. आणि आपला पोदेर, म्हणजे पाववाला. पहाटे आपल्याला उठवणारा, पण स्वतः रात्रभर मैद्याच्या धुळीत आणि लाकडाच्या धुरात. त्याच्या दम्याला तुम्ही पंप देता, कामाला सुट्टी असते त्या दिवशी बरे वाटते का, हे विचारत नाही. विचारले तर अर्धे निदान तिथेच होईल.

तुमची बाजू मला कळत नाही असे समजू नका. ओपीडीत साठ माणसे. त्यात कोर्टाची भीती: उद्या साक्षीला बोलावले तर दिवस गेला. गावात मालकही तुमचाच पेशंट, पंचायत सदस्यही तुमचाच पेशंट. आणि सर्वांत अवघड म्हणजे रोगी स्वतः. माझ्याकडेच एक क्रशरचा मुलगा हात जोडून म्हणाला होता, साहेब, कंपनीचे नाव नका लिहू, उद्या गेटवर घेणार नाहीत. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटले असते. यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. कायदा सांगतो कळवा, पोट सांगते कळवू नका, आणि मधे तुम्ही. मला एवढेच वाटते की केस पेपरवर लिहिणे आणि निरीक्षकांना कळवणे या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीने कुणाची नोकरी जात नाही. केस पेपर त्याच्याच घरी, ट्रंकेत, रेशन कार्डाखाली राहतो. पहिली पायरी तरी चढा. दुसरी ज्यांनी काम सोडले आहे त्यांच्यापासून सुरू करा. त्यांना गेटवर जायचे नसते, आणि कायद्यात ‘पूर्वी केलेला’ हे शब्द त्यांच्यासाठीच आहेत.

कसे लिहायचे? भाईच्या त्या तरुण डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे. त्याने असे लिहिले होते: ‘१९८१ ते २००१, लोहखनिज क्रशिंग प्लांट, जाळी साफ करणे, सुके काम, दिवसाला ८ तास, कापड बांधून, अमुक गाव, अमुक ठेकेदार.’ दीड ओळ. नुसते ‘लेबर’ लिहू नका. ‘लेबर’ हा शब्द मी शेकडो फॉर्मांवर वाचला आहे, आणि त्यातून काहीही कळत नाही. ‘कंपनीत’ हेही नको. कंपनीत ऑफिसची फाइल लावणाराही असतो आणि सायलोत उतरणाराही.

या दीड ओळी जमल्या तर वरच्यांशी बोलायला तोंड येईल. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सिलिकोसिसचे उद्योग हरित लवादाच्या देखरेखीखाली दिले आणि भरपाईकडे मानवी हक्क आयोगाने बघावे असे सांगितले. २०१५ पासून जिल्हा खनिज फाउंडेशन आहे, खाणीच्या उत्पन्नाचा वाटा त्यात जमतो, आणि खाणीमुळे होणाऱ्या आजारांवर तो खर्च करता येतो असे त्याच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. नव्या संहितेप्रमाणे चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षाला फुकट तपासणी मालकाने करायची आहे. पण आजारी किती, कुठल्या गावात, कुठल्या कामातले, असे कुणी बैठकीत विचारले तर आपल्यापैकी कोण काय सांगणार? आकडा नसला की पैसा रस्त्याला आणि हॉलला जातो. त्यांनाही दोष देता येत नाही, रस्ता दिसतो.

डॉक्टरांच्या संघटनेच्या, आयएमएच्या, गोव्यातल्या पदाधिकाऱ्यांना आणि आरोग्य खात्याला एकच विनंती आहे. केस पेपर छापताना ‘वय’ आणि ‘लिंग’ यांच्या शेजारी ‘आत्ताचे काम’ आणि ‘आधीचे काम’ अशा दोन चौकटी छापा. एक्स-रेच्या चिठ्ठीवरही. छापलेली चौकट रिकामी राहिली की डोळ्यांना खुपते, आणि खुपले की कुणीतरी भरते. तुम्ही नाही तर नर्स, नर्स नाही तर माझ्यासारखा तंत्रज्ञ. फिल्म डिजिटल झाल्या, डार्करूम गेली, आता संगणकावर रोग्याची माहिती भरतातच. तिथे एक खण वाढवायला कितीसा खर्च?

चिठ्ठीची ती ओळ वाचणारा माणूस आता मी नाही. क्लिनिकात दुसरा मुलगा आहे, चांगला आहे. मी जाताना त्याला सांगून आलो आहे की डॉक्टरांनी काम लिहिले नसेल तर ‘धरा’ म्हणण्याआधी तू विचार आणि पेन्सिलीने लिही. तो लिहितो. पेन्सिलीचे अक्षर तुमच्याकडे परत येते तेव्हा ते तेवढे पेनाने गिरवा.

आपला नम्र,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ

ता. क.: भाईच्या १९९६, २००१ आणि २००७ च्या तिन्ही फिल्म माझ्याकडे कपाटात सपाट ठेवलेल्या आहेत, बुरशी लागू दिलेली नाही. शिकणाऱ्या मुलांना दाखवायला हव्या असतील तर नाव झाकून खुशाल न्या. पाकिटावर आता काम लिहिलेले आहे.